घर हलवताना गोधडी कशाला?

पुण्यात सध्या दर दुसऱ्या गल्लीत जे चाललंय तेच आमच्याही वाट्याला आलं. सोसायटी पुनर्विकासाला गेली. 2019 च्या शासन निर्णयानंतर 51 टक्के सभासदांची संमती पुरते, आणि आमच्याकडे ती सहज जमली. मग करार, भाड्याच्या घराची शोधाशोध, पोलीस पडताळणी आणि घर रिकामं करून देण्याची तारीख. या सगळ्या धांदलीत आईने ट्रंक उघडली, जुनी सुती पातळं बाहेर काढली आणि गोधडी शिवायला घेतली.

तिच्याविरुद्ध उभी ठाकली आत्या. ती बँकेतून निवृत्त झालेली. नोकरी बदलीची, त्यामुळे नांदेड, माजलगाव, हल्याळ, रत्नागिरी असं तिचं बिऱ्हाड कायम ट्रकमध्ये चढत-उतरत राहिलं. सामान हलवणं या विषयात आमच्या घराण्यात तिच्याइतका अधिकार कुणाचा नाही. आई कराडकडची. लग्न होऊन या घरात आली ती इथून कधी हललीच नाही. बाबा दोघींच्याही बोलण्यावर मान डोलावत असल्यामुळे त्यांचं मत इथे नोंदवता येत नाही.

वाद खोकी भरता भरता, तुकड्यातुकड्यांनी झाला. मी तो सलग लावून देते आहे. मी त्यात तटस्थ नव्हते, हेही आधीच सांगून टाकते.

आत्या: वहिनी, माळ्याला अजून हात लागलेला नाही. दादाची पुस्तकं तशीच आहेत. गॅसची बदली राहिलीय. आणि तुम्ही फरशीवर पातळं पसरून बसलाय!

आई: माळा संध्याकाळी काढू. आत्ता चांगला उजेड आहे, तोवर सुया ओवून ठेवते.

आत्या: पण हे आत्ताच कशाला? तिकडे गेल्यावर शिवा ना निवांत.

आई: ही पातळं तिकडे न्यायचीच नाहीत, म्हणून तर शिवतेय. ट्रंक इथेच रिकामी करायची.

आत्या: ट्रंक रिकामी करायला सुई लागत नाही. तीन ढीग करायचे. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. कपडा हातात घेतला की मनात दहा आकडे म्हणायचे, तेवढ्यात त्याचा ढीग ठरला पाहिजे. माजलगाव सोडताना मी अख्खं कपाट एका दुपारी निकालात काढलं होतं.

आई: आणि नंतर त्यातलं काय काय आठवलं?

आत्या: काहीही नाही.

आत्या खोटं बोलत नव्हती. तिच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे मिक्सर आहे.

आई: बरं, मग ही घ्या. ही तुमच्या आईची नऊवारी. सांगा, कुठल्या ढिगात टाकू?

मला वाटलं, आता आत्या विरघळणार. तिने पातळ हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मधोमध कापड इतकं विरलं होतं की पलीकडची खिडकी दिसत होती.

आत्या: टाकायच्या. आई नेसायची तोवर ते आईचं पातळ होतं. आता फडकं आहे. बोहारीणसुद्धा घेणार नाही.

आई: नाही घेणार. म्हणून तर माझ्या उपयोगाचं आहे. असल्या कापडाचीच गोधडी मऊ होते.

आत्या: म्हणजे तुमचा चौथा ढीग गोधडीचा. याला म्हणतात निर्णय पुढे ढकलणं.

आई: उलट आहे वन्सं. कात्री लावली की संपलं. पातळ काही पुन्हा पातळ होत नाही. यापेक्षा पक्का निर्णय कुठला?

या मुद्द्यावर मला आईचं पटलं, आणि का ते सांगते. घर हलवताना माणूस दमतो तो वजनाने नाही. वजन उचलायला चार पोरं येतात. माणूस दमतो तो प्रत्येक वस्तू त्याला काहीतरी विचारत राहते म्हणून. पाटा-वरवंटा न्यायचा का? भाड्याच्या घरात तो कुठे मांडणार? तांब्याचं घंगाळ मोडीत द्यायचं का? वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या पंख्याचं वॉरंटी कार्ड अजून आपल्याकडे का आहे? सकाळपासून रात्रीपर्यंत असे शंभर सवाल, आणि चूक झाली तर ती कळणार पुढच्या वर्षी. गोधडीचा सवाल एकच असतो: पुढचा टाका कुठे? उत्तर मागच्या टाक्याच्या शेजारीच.

आत्या मात्र असल्या बोलण्याने पाघळणारी नव्हे. तिने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.

आत्या: सहा फूट बाय चार फूट, म्हणजे 180 बाय 120 सेंटिमीटर. दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर धरा. 80 ओळी, प्रत्येक 180 सेंटिमीटरची. 144 मीटर धावदोरा झाला. सेंटिमीटरला एक टाका म्हटला तरी 14,400 टाके. मिनिटाला वीस टाके पडले तर 12 तास.

आई: मिनिटाला वीस! आणि मध्ये दोरा संपणार नाही, गुंतणार नाही, कंबर धरणार नाही, दारावरची बेल वाजणार नाही? दुप्पट धरा.

आत्या: बरं, 24 तास. तेवढ्यात मी दोन खोल्या बांधून दिल्या असत्या.

आई: त्या तुम्ही बांधालच. पण ते 24 तास मी एरवी कशात घालवले असते, माहितेय? फोन हातात धरून सोसायटीच्या ग्रुपवर. कुणी म्हणतं बिल्डर भाडं मध्येच थांबवेल, कुणी म्हणतं पाच वर्षं तरी घर होत नाही. रात्री अकराला कुणीतरी कुठल्यातरी रखडलेल्या इमारतीचा फोटो टाकतं. सुई हातात असली की दोन्ही हात गुंतलेले असतात. फोन धरायला तिसरा हात नाही.

शांततेची इतकी साधी कारणमीमांसा मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही. श्वासाबिसाचं तिने नावही काढलं नाही.

ज्यांनी कधी गोधडी शिवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं कामाबद्दल सांगायला हवं, कारण वादातला पुढचा भाग त्यावर उभा आहे. जुनं सुती कापड आधी धुऊन त्यातली खळ घालवायची. नऊवारी साधारण आठ मीटर भरते. तिची लांबीत चार पदरी घडी घातली की दोन मीटरचा तुकडा होतो, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे बाहेरचे आणि आतले थर एकाच लुगड्यात निघतात. जरीचे काठ कापून काढायचे. ते कडक असतात आणि सुई अडवतात. आत भर म्हणून विरलेली धोतरं, उशांचे अभ्रे. नायलॉन, टेरिकॉट घालायचं नाही. ते सरकतं आणि घामही शोषत नाही. मग फरशीवर पसरून हाताने सुरकुत्या काढायच्या, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (आमच्या वरवंट्याची तात्पुरती सोय इथे लागली) आणि लांब लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकमेकांना टाचून घ्यायचे. त्यानंतर कडेपासून धावदोरा, आयताला प्रदक्षिणा घालत आत आत. गाठ थरांच्या मध्ये लपवायची. दोरा सुतीच घ्यायचा, कारण पॉलिएस्टरचा दोरा स्वतः टिकतो आणि जुन्या कापडाला कापत जातो असं म्हणतात. बंगालमध्ये कांथा शिवताना साडीच्या काठातलेच दोरे ओढून वापरायची रीत होती.

आता यात शांतता नेमकी कुठे आहे? पसरण्या-टाचण्यात अजिबात नाही. उलट त्या भागात आई जास्तच करवादली होती. खोक्यांमुळे फरशीच सापडत नव्हती, पांढऱ्या धोतरावर धूळ बसत होती आणि टाचताना एक सुरकुती आत राहिली म्हणून तिने अर्धं उसवलं. शांतता येते ती धावदोरा लागल्यावर. गोधडीच्या कौतुकाच्या लेखांत हा भाग गाळलेला असतो.

आत्या: हे शांतता प्रकरण लोकांनी फारच डोक्यावर घेतलंय. आम्हाला बँकेच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. होम्स आणि राहे या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी 1967 मध्ये ताणाची यादी केली. आयुष्यातल्या 43 घटना, प्रत्येकीला गुण. जोडीदाराचा मृत्यू 100. लग्न 50. घर बदलणं किती? वीस. फक्त वीस! आणि आपण जगबुडी आल्यासारखं करतोय.

आई: लग्नाचे पन्नास आणि घर बदलायचे वीस?

आत्या: हो.

आई: मग आम्ही बायका ज्या दिवशी लग्न करून आलो त्याच दिवशी घरही बदललं की. सत्तर झाले. तेव्हा कुणी काही शिकवलं नाही!

मी: आत्या, त्या यादीत राहणीमानातल्या बदलाचे वेगळे 25 आहेत आणि मोठ्या कर्जाचे वेगळे 31. बेरीज करायची असते. घर बदलणं एकटं थोडंच येतं?

आत्या: बेरीज कर तू. पण टाके घालून त्यातला कुठला आकडा कमी होतो ते मला दाखव.

इथे मी माझ्याकडचा पुरावा पुढे केला. 2013 मध्ये व्यवसायोपचाराच्या एका ब्रिटिश नियतकालिकात विणकाम करणाऱ्यांची एक पाहणी छापून आली होती. जगभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक जणांनी ती भरून दिली. जे वरचेवर विणतात त्यांनी आपल्याला शांत आणि बरं वाटतं असं कळवलं.

आत्या: विचारलं कुणाला? विणणाऱ्यांनाच ना? ज्यांनी वैतागून सुया फेकून दिल्या त्यांना विचारलं का? आमच्या शाखेत येऊन फक्त ठेवीदारांना विचारलंस तर बँक उत्तमच चाललीय असं सांगतील.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. हाताच्या कामाने मन शांत होतं हे अनुभवाने खरं वाटतं, पण ते आकड्यांनी सिद्ध झालंय असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून मी तेव्हापासून जरा लांब राहते.

मग मी दुसरं उदाहरण काढलं, आणि ते माझ्यावरच उलटलं. 1841 च्या एप्रिलमध्ये ‘राजा’ नावाचं जहाज इंग्लंडहून टास्मानियाकडे निघालं. त्या बेटाला तेव्हा व्हॅन डीमेन्स लँड म्हणत. जहाजावर काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या 180 बायका होत्या. तुरुंगातल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या संस्थेतर्फे अशा कैद्यांना जहाजावर सुया, दोरे, कात्री आणि कापडाचे दोन पौंड तुकडे दिले जात. साडेतीन महिन्यांच्या प्रवासात ‘राजा’वरच्या काही बायकांनी 2,800 हून अधिक तुकडे जोडून एक भलीमोठी गोधडी केली. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. घर, देश, माणसं सगळं मागे टाकून जग ओलांडताना हाती सुई. मला वाटलं, यापुढे आत्या काय बोलणार?

आत्या: त्या गोधडीवर काही लिहिलंय का?

मी: हो, टाक्यांनीच भरलंय. संस्थेतल्या बाईसाहेबांचे आभार. तुम्ही आम्हाला उद्योगी राहायला सांगितलंत ते आम्ही विसरलो नाही, अशा अर्थाचं.

आत्या: आणि शिवणाऱ्यांची नावं?

मी: एकीचंही नाही.

आत्या: झालं तर मग. ज्या बायकांना बेड्या घालायच्या त्यांच्या हातात सुई दिली आणि वर आभार मानायला लावले. त्यांना शांत वाटलं, की शांत बसवलं?

आई: दोन्ही झालं असेल. बसवलं म्हणून बसल्या असतील. पण साडेतीन महिने समुद्र बघत बसण्यापेक्षा बरं की नाही, ते त्यांनाच माहीत.

आत्या: बायकांना बसवायचं झालं की सुई पुढे करतात, एवढंच मी म्हणतेय. माजलगावला मी दर वर्षी बघायची. दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं निघायची. ट्रॉलीत भांडी, पोरं, शेळी, जळण आणि सगळ्यात वर गोधड्यांचा ढीग. पाच-सहा महिने कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात जायचं. घर हलवणं म्हणजे काय ते त्यांना विचारा. त्यांच्या गोधडीत थंडी अडते, बाकी काही नाही. शहरात तिचा आता छंद झाला. दुकानात टांगून ठेवतात.

आई: माझ्या आईला तरी कुठे छंद होता? आमच्याकडे वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात शेतातलं काम सरलं की ओसरीत वाकळ पसरायची, चौघी चार कोपऱ्यांना बसायच्या. पावसाळ्याच्या आत पुऱ्या व्हायला हव्यात, म्हणून घाई. कामच होतं ते. पण एक सांगते वन्सं, तेवढा वेळ तिला कुणी उठवत नव्हतं. नुसती बसलेली दिसली असती तर कुणीही पाणी मागितलं असतं. हातात सुई होती म्हणून बसू दिलं.

आत्या: हेच! हेच मी मघापासून ओरडतेय. बाईला बसायला कारण लागतं. तुमच्या आईला लागायचं, तुम्हालाही लागतं. सरळ सांगा ना, मी दमलेय, एक तास कुणी हाक मारायची नाही. त्यासाठी 14,400 टाके कशाला?

आई: तुम्ही बसता तशा? रिकाम्या हाताने?

आत्या: मी नोकरीत होते वहिनी. मला बसायला खुर्ची होती.

यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आत्याने भांड्यांच्या खोक्यावर ‘स्वयंपाकघर 4’ असं लिहिलं आणि चिकटपट्टी लावली.

माझ्या मते सगळ्या वादातलं सगळ्यात खरं बोलणं हेच. गोधडीच्या शांततेत काही भाग धावदोऱ्याचा आहे, नाही असं नाही. पण मोठा भाग हा की ती घरातल्या बाईला कुणी हिसकावून न घेतलेला वेळ मिळवून देते. आत्याने तो वेळ खुर्चीच्या जोरावर मिळवला, आईच्या आईने वाकळीच्या. दोघींच्या मध्ये अडकलेली माझी आई. तिला ना ओसरी, ना खुर्ची. तिने ट्रंक उघडली.

आत्याने कारवारकडची एक गोष्ट सांगितली तीही इथे द्यायला हवी, कारण तिच्या कठोरपणाबद्दल कुणाचा गैरसमज नको. हल्याळला असताना शाखेत सिद्दी बायका यायच्या. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या माणसांपैकी काही जण निसटून उत्तर कन्नडच्या जंगलात राहिले. आजच्या सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. त्यांची बोली कोकणीच्या वळणाची, त्यामुळे आत्याला कळायची. त्या ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात, आत आत फेऱ्या, आणि चारही कोपऱ्यांना तिकोनी घड्या घालून शिवलेले तुकडे. त्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय कवंदी उघडी राहिली असं मानतात.

आई: मग तुम्हाला येते की गोधडी!

आत्या: बघून माहितेय. शिवली कधीच नाही आणि शिवणारही नाही. तिथल्या एका बाईने मला देऊ केली होती. मी विकत घेतली आणि बदली झाल्यावर माझ्या मदतनिसाला दिली. उत्तम गोष्ट होती, पण माझ्याकडे जागा नव्हती.

आई: पण तुमच्या त्या याद्या? प्रत्येक खोक्याला आकडा, वहीत नोंद. तुम्हालाही त्याने बरंच वाटत असेल. तुमची वही म्हणजे तुमची गोधडीच की.

आत्या: अजिबात नाही. यादीने सामान हलतं. बरं वाटतं की नाही ते मी बघायलाही जात नाही. उगाच गोडगोड बोलून मला तुमच्यात ओढू नका.

आईचा हा डाव फसला, आणि मला त्याचं बरंच वाटलं. सगळ्यांनाच शेवटी सुईची वाट सापडते असं काही नसतं. आत्याला यादीने शांतता मिळत नाही. तिला ती लागतच नाही. ट्रक हलला की ती डुलकी काढते.

आता मी तटस्थ का नव्हते ते. आई टाके घालत होती तेव्हा गॅस एजन्सीच्या फोनवर मी होते. इंटरनेट बंद करणं, विजेचं शेवटचं बिल, भाडेकराराची नोंदणी, सामान नेणाऱ्यांशी दरावरून घासाघीस, सगळं माझ्याकडे. फोनवरची गाणी ऐकत पंधरा-पंधरा मिनिटं उभी असताना समोर आई शांतपणे पाचवी फेरी घालतेय हे पाहून मला शांत वाटत नव्हतं. तिचा ताण कमी झाला हे खरं, पण त्यातला काही माझ्या डोक्यावर आला. हे मी आत्याजवळ बोलले, आईजवळ नाही. आत्याने मग बँकेच्या पद्धतीने तोडगा काढला: दुपारच्या चहानंतर एक तास आईचा, त्या वेळेत तिला कुणी हाक मारायची नाही. त्याच्या बदल्यात सकाळी माळ्याचा एक कोपरा तिने रिकामा करायचा आणि दोन फोन माझ्याऐवजी तिने करायचे.

आईने करार मान्य केला आणि लगेच मोडलाही. एका दुपारी तासाचे तीन तास झाले. आत्याने शब्द न बोलता तिच्यासमोर माळ्यावरची ट्रंक आणून आपटली. दुसऱ्या दिवशी मात्र आईने गॅसच्या माणसाला असा काही फोन केला की मला आठवड्यात जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं. धावदोरा घालून आल्यामुळे आवाज शांत होता, असं ती म्हणते. मला वाटतं, समोरच्याने वय ओळखलं.

आणि सामान चढवायच्या दिवशी? त्या दिवशी गोधडीने काहीही केलं नाही. देवघराचं खोकं उलटं ठेवलं म्हणून आई त्या पोरांवर इतकी ओरडली की शेजारच्या काकू बाहेर आल्या. साठवलेली शांतता गरजेच्या दिवशी खर्चता येत नाही. टाके घालत असता तेवढाच वेळ ती असते.

गोधडी तोवर निम्मीच झाली होती. पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या रजया बऱ्याचदा लाकडी चौकटीवर ताणून शिवतात. आपल्या गोधडीला चौकट लागत नाही. कच्च्या टाक्यांवर ती जशी होती तशी गुंडाळून आईने काखेत मारली आणि रिक्षात बसली. उरलेल्या फेऱ्या भाड्याच्या घरात झाल्या. गोधडी आत्याच्या आईच्या नऊवारीची, म्हणून पुरी झाल्यावर आईने ती आत्याला देऊ केली. आत्याने घेतली नाही. जागा नाही म्हणाली, आणि ते खरं आहे.

मला विचाराल तर निकाल असा. सामान हलवण्याच्या बाबतीत आत्या शंभर टक्के बरोबर आहे. तिच्या तीन ढिगांशिवाय आम्ही अजून त्या माळ्याखाली उभे असतो. पण घर हलवण्याच्या दिवसांत आपल्या हातात जवळजवळ काहीच नसतं. तारीख बिल्डरची, भाडं घरमालकाचं, ट्रक तिसऱ्याचा. अशा वेळी दीड सेंटिमीटरवरची एक ओळ पूर्णपणे आपली असणं ही छोटी गोष्ट नाही, आणि आईने ती मिळवली म्हणून मी तिच्याविरुद्ध मत देणार नाही.

तुमचीही सोसायटी पुनर्विकासाला जात असेल आणि सुई उचलावीशी वाटली, तर पूर्ण गोधडी घेऊ नका. बाळाचं दुपटं घ्या. मांडीवर मावतं, फरशी लागत नाही आणि निघायच्या आत संपतं. कापड निवडणं आणि टाचणं खोकी यायच्या आधी उरका. सुया, दोरा, कात्री ट्रकमध्ये चढवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. नाहीतर नव्या घरात ती शेवटच्या खोक्यात सापडतात. आणि घरात दुसऱ्याच कुणी शिवायला घेतलं असेल, तर ‘याचा आत्ता काय उपयोग’ असं न विचारता तिच्या वाट्याचं एक खोकं तुम्ही भरा. मात्र नंतर तिने तुमचं कोणतं भरायचं, ते आधीच ठरवून घ्या.